शेवटचा टाका पडला की अँटिबायोटिक थांबवा

प्रति,
महाराष्ट्रातले सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, थिएटर सिस्टर, नर्सिंग होमचे चालक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

सप्रेम नमस्कार.

सकाळचे सहा वाजलेत. ऑपरेशनच्या यादीत पाच नावं आहेत आणि वॉर्डातली सिस्टर पाचही जणांना ओळीने अँटिबायोटिक देऊन मोकळी होते. केसपेपरवर टिक होते. पहिली केस नऊला टेबलावर येते. दुसरी लांबते, मध्येच एक इमर्जन्सी सिझेरियन येतं, आणि पाचव्या पेशंटच्या पोटावर चीर पडते तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. त्याच्या रक्तात आता औषध किती उरलं असेल? इंजेक्शन सेफाझोलिनचं असेल तर त्याची पातळी साधारण दर दोन तासांनी निम्मी होते, म्हणजे नऊ तासांत शंभरातले चार-पाच भाग उरतात. सेफ्ट्रायक्झोन निम्मं व्हायला सात-आठ तास लागतात, म्हणून ते दिलं असेल तर निम्म्याच्या आसपास तरी शिल्लक असतं. सकाळी सहाच्या डोसची सवय आपल्याकडे इतकी वर्षं खपून गेली ती या एका औषधाच्या जिवावर.

हे पत्र त्या डोसबद्दल आहे, शस्त्रक्रियेची जखम पिकू नये म्हणून आधीच दिल्या जाणाऱ्या. पोटाच्या नियोजित शस्त्रक्रियेत तो चीर पडण्याआधीच्या तासाभरात, थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञाच्या हातून आणि पूर्ण मात्रेत जायला हवा. शस्त्रक्रिया लांबली तर टेबलावरच पुन्हा द्यायला हवा. आणि शेवटचा टाका पडला की अँटिबायोटिक संपायला हवं. त्यानंतर पाच दिवस चालणाऱ्या बाटल्या आणि टाके काढेपर्यंतच्या गोळ्या यांतून पेशंटच्या जखमेला काहीही मिळत नाही.

यात नवं काही नाही. १९६१ साली अमेरिकेत जॉन बर्क यांनी गिनीपिगच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून अँटिबायोटिक वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिलं. जंतू शिरताना औषध आधीच रक्तात असेल तर जखम फारशी चिघळत नसे. जसजसा उशीर होई तसतसा उपयोग कमी होत जाई, आणि तीन तासांनंतर दिलेलं औषध न दिल्यासारखंच ठरे. १९९२ साली सॉल्ट लेक सिटीतल्या एका रुग्णालयातला २,८४७ पेशंटचा हिशेब क्लॅसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. चीर पडण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांत टाके पिकण्याचं प्रमाण ०.६ टक्के निघालं. दोन तासांहून आधी मिळालेल्यांत ते ३.८ टक्के होतं आणि चिरेनंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. फार लवकर आणि फार उशिरा, दोन्ही जवळपास सारखेच वाया गेले.

कारण तुमच्या डोळ्यांसमोर रोज असतं. कातडीखालच्या चरबीला रक्त मुळात कमी. तिथे कॉटरीने (विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करायचं हत्यार) जाळलेले कण पडतात, जखम ओढून उघडी धरणाऱ्या रिट्रॅक्टरने कडा तासभर दाबलेल्या राहतात, थोडं रक्त साकळतं. जंतू बसतात ते याच जागी. औषध तिथे पोचायचं तर जखम उघडी असताना, रक्ताबरोबरच. शिवल्यावर कडांमधल्या बारीक वाहिन्या गुठळीने बंद होतात, फायब्रिनचा थर धरतो आणि आत अडकलेल्या जंतूंपर्यंत नंतरचं औषध नीट पोचत नाही. म्हणजे जखम जेवढा वेळ उघडी, तेवढा वेळच या औषधाच्या कामाचा. तेवढ्या वेळात पातळी पुरेशी ठेवा. त्याच्या आधी आणि नंतर ओतलेलं औषध जखमेऐवजी आतड्यातल्या जंतूंवर काम करतं, आणि त्यांतले जे मरत नाहीत ते वाढतात.

आता औषध आणि मात्रा.

हर्निया, जठर, लहान आतडं, पित्ताशय, सिझेरियन, गर्भाशय काढणं, या सगळ्यांना सेफाझोलिन पुरतं. मोठ्यांना २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम, लहान मुलांना किलोमागे ३० मिलिग्रॅम. अनेक ठिकाणी सवयीने एकच व्हायल फोडली जाते, म्हणजे १ ग्रॅम. ती मात्रा अपुरी आहे. प्रत्येक ग्रॅमला १० मिली स्टराइल वॉटर घालून तीन ते पाच मिनिटांत शिरेतून सावकाश द्यायचं. अपेंडिक्स आणि मोठं आतडं यांत हवेशिवाय वाढणारे जंतू मुबलक असतात, म्हणून तिथे जोडीला मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मेट्रोची १०० मिलीची एक बाटली. ती उतरायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा पेशंट थिएटरच्या दारात आला की लगेच सुरू करावी, चिरेआधी संपलेली असावी. साध्या हर्नियाला किंवा साध्या पित्ताशयाला मेट्रो लावण्याचं काहीही कारण नाही, तरी ती सर्रास लावली जाते.

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पेशंट धडधाकट असेल, पित्ताशयाला सूज नसेल, कावीळ नसेल, नळीत खडे नसतील, तर बऱ्याच मार्गदर्शक सूचना म्हणतात की अँटिबायोटिक नसलं तरी चालतं. पण पित्ताशय फुटून पित्त सांडेल का, दुर्बीण सोडून पोट उघडावं लागेल का, हे आधी कळत नाही. त्यामुळे तुम्ही एक डोस दिलात तर त्याला आमची हरकत नाही. हरकत शस्त्रक्रियेनंतरच्या डोसला आहे.

डोस भुलीच्या आधी द्या, हा आग्रह आम्ही विशेष करतो. मॉनिटर लागले, सलाईनची लाइन चालू असल्याची खात्री झाली, की सेफाझोलिन. मग पाच-दहा मिनिटं पेशंटकडे लक्ष. अंगावर गांधी उठल्या, बीपी पडलं, श्वासात घरघर आली, तर ते कशामुळे झालं याबद्दल संशय राहत नाही. तेच औषध भुलीच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांच्या घाईत एका मिनिटाच्या अंतराने गेलं, तर नंतर दोष कोणाचा हे सांगता येत नाही आणि त्या पेशंटच्या कागदावर जन्मभरासाठी चुकीची ॲलर्जी चिकटते.

ॲलर्जीवरून टेस्ट डोसचा विषय निघतोच. आपल्याकडे हातावर ०.१ मिली टोचून भोवती पेनाने गोल काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिथे लाली आली का ते बघायचं, हा विधी प्रत्येक पेशंटवर होतो. ज्याला पूर्वी कधी त्रास झालेला नाही त्याच्यात या गोलावरून काही भाकीत करता येत नाही. लाली नसताना रिॲक्शन येऊ शकते, आणि सुईच्या चिमट्याने लाली आली म्हणून चांगलं औषध नाकारलं जातं. शिवाय टेस्ट वॉर्डात करायची म्हणून डोसही वॉर्डातच उरकला जातो. सकाळी सहाच्या त्या डोसचं एक मूळ इथे आहे. त्यापेक्षा नीट विचारा: कोणतं औषध घेतल्यावर, किती वेळाने, काय झालं होतं? आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवा. पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या बहुतेकांना सेफाझोलिन चालतं, कारण त्याच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनशी जुळत नाही. पूर्वी अंगाची साल निघाली असेल, तोंड-डोळे सोलवटले असतील, तर मात्र सेफाझोलिनच्या वाटेला जाऊ नका. तिथे मोठ्या आतड्यासाठी मेट्रो आणि जेंटामायसिन, बाकीच्या बहुतेक शस्त्रक्रियांसाठी क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम आणि जेंटामायसिन. जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम, एकदाच, आणि किडनी ठीक असल्याचं पाहून.

टेबलावरचा दुसरा डोस सगळ्यांत जास्त विसरला जातो. सेफाझोलिन चार तासांनी पुन्हा द्यायचं, आणि हे चार तास पहिल्या डोसपासून मोजायचे. अनेक जण चिरेपासून मोजतात आणि अर्धा-पाऊण तास तिथेच निसटतो. रक्तस्राव दीड लिटरच्या वर गेला तर चार तास व्हायची वाट पाहायची नाही, कारण औषध रक्ताबरोबर बाहेर गेलेलं असतं आणि उरलेलं सलाईनने पातळ झालेलं असतं. सेफ्ट्रायक्झोन किंवा मेट्रो दिलेली असेल तर साधारणपणे दुसरा डोस लागत नाही. आतड्याच्या कॅन्सरची पाच-सहा तासांची शस्त्रक्रिया, चौथ्या तासाला सगळ्यांचं लक्ष जोडणीवर, आणि औषधाची पातळी नेमकी तेव्हाच तळाला. सर्जनने हे लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करू नका. भूलतज्ज्ञाच्या मोबाइलवर गजर लावा.

आणि मग थांबायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ठाम शिफारस केली की प्रतिबंधासाठीचं अँटिबायोटिक शस्त्रक्रिया संपल्यावर पुढे चालवू नये. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) २०१७ साली त्याच आशयाची सूचना देताना ड्रेन (आतला स्राव बाहेर काढणारी नळी) असला तरीही, असं स्पष्ट लिहिलं. ड्रेन आहे म्हणून अँटिबायोटिक, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ड्रेन ही बाहेरून आत जाणारी वाट आहे हे खरं, पण त्यावर उपाय ड्रेन लवकर काढणं हा आहे. औषधाने नळीवरचा जंतूंचा थर जात नाही. फक्त तिथे कोणते जंतू राहतील हे बदलतं, आणि बदल वाईटाकडे होतो.

नेहमीच्या पाच दिवसांच्या कोर्सचा हिशेब एकदा करून पाहा. सेफ्ट्रायक्झोन दिवसातून दोनदा म्हणजे दहा इंजेक्शनं, मेट्रो तीनदा म्हणजे पंधरा बाटल्या. पंचवीस वेळा सिस्टर त्या एका पेशंटच्या सलाईनला हात लावते. तिसऱ्या दिवशी शीर सुजते, दुसरी शोधावी लागते. मेट्रोने तोंडाला धातूची चव येते, मळमळ सुटते आणि ज्याने पेज खायला सुरुवात करायची तो ताट परत पाठवतो. पुष्कळ ठिकाणी यात अमिकासिनही असतं, त्यावर दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, दोन्ही किडनीला जड, आणि पेशंट आधीच उपाशी, पाणी कमी पडलेला. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचं रक्तातलं माप, का वाढलं याचं उत्तर त्याच्या ड्रग चार्टमध्येच लिहिलेलं असतं. जुलाब लागले तर ते जास्त गंभीरपणे घ्यावे लागतात, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल हा आतड्याला सूज आणणारा जंतू अशाच पोटात वाढतो.

इथे तुमच्यातले अनेक जण म्हणतील, हे नियम तिकडच्या थिएटरांसाठी आहेत. आपल्याकडे एसी नीट नाही, वॉर्डात गर्दी आहे, नातेवाईक जखमेला हात लावतात. या शंकेत तथ्य आहे. ६६ देशांतल्या १२,५३९ पेशंटवरचा ग्लोबलसर्ज या आंतरराष्ट्रीय गटाचा अभ्यास २०१८ साली आला. पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर जखम पिकण्याचं प्रमाण श्रीमंत देशांत ९.४ टक्के, मधल्या देशांत १४ टक्के आणि गरीब देशांत २३.२ टक्के निघालं. पण त्या अभ्यासात ज्या पिकलेल्या जखमांच्या कल्चरमध्ये (जंतूंची तपासणी) जंतू सापडले, त्यांतल्या पाचातल्या एकीत असे जंतू होते ज्यांच्यावर दिलेलं प्रतिबंधक औषध चालतच नव्हतं. पाच दिवसांच्या कोर्सने हे बदलणार कसं? जंतूला औषध लागू नसेल तर ते पाच दिवस देऊन लागू होत नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) नेटवर्कमधल्या रुग्णालयांत सापडणारे बहुसंख्य ई. कोलाय (आतड्यातला एक जंतू) तिसऱ्या पिढीच्या सेफलोस्पोरिनना, म्हणजे सेफ्ट्रायक्झोनच्या गटाला, दाद देत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. 'सेफाझोलिन आपल्याकडे चालत नाही' म्हणून सेफ्ट्रायक्झोन लिहिणं त्यामुळेच फसवं आहे. ज्या जंतूला सेफाझोलिन लागू नाही आणि कारण ईएसबीएल (ही औषधं मोडून टाकणारं जंतूचं विकर) आहे, त्याला सेफ्ट्रायक्झोनही लागू नाही. आणि कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकसवर सेफाझोलिन सेफ्ट्रायक्झोनपेक्षा चांगलं आहे. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांत तुमच्या रुग्णालयात खरोखर प्रतिकारक जंतूंनी जखमा पिकत असतील, तर मायक्रोबायोलॉजिस्टबरोबर बसून तेवढ्या शस्त्रक्रियांपुरता एक डोस बदला. डोस एकच राहील. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सेफाझोलिन आणि मेट्रोनिडाझोल पहिल्या, मोकळेपणाने वापरायच्या गटात आहेत. सेफ्ट्रायक्झोन जपून वापरायच्या गटात आहे.

आपल्यासारख्या थिएटरांत जखमा खरोखर कशाने कमी होतात, याचं उत्तर आपल्यासारख्या थिएटरांतूनच आलेलं आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चीता नावाच्या अभ्यासात भारतासह सात देशांतली ८१ रुग्णालयं होती, पेशंट १३,३०१. पोट शिवण्याच्या आधी सर्जन, असिस्टंट आणि स्क्रब सिस्टर यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवण्यासाठी वेगळी ठेवलेली स्वच्छ हत्यारं घ्यायची, इतकंच. जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. पाच दिवसांच्या औषधांच्या खर्चात मोज्यांच्या किती जोड्या येतात ते तुमच्या परचेसवाल्याला विचारा. सुई धरणारा, चिमटा, कात्री आणि दोन आर्टरी (रक्तवाहिनी धरायचे चिमटे) यांचा छोटा सेट वेगळ्या कापडात बांधून ऑटोक्लेव्ह करायचा, आणि मॉप मोजून झाले की तो उघडायचा. आतड्यावर वापरलेला चिमटा चरबीत परत घालायचा नाही.

शरीर गरम ठेवणं हे दुसरं. १९९६ सालच्या, मोठ्या आतड्याच्या २०० शस्त्रक्रियांच्या अभ्यासात ज्यांचं तापमान ३६.६ अंशांवर राखलं त्यांच्यात जखम पिकली ६ टक्क्यांची, आणि ज्यांचं ३४.७ पर्यंत उतरू दिलं त्यांच्यात १९ टक्क्यांची. थंडीने कातडीतल्या वाहिन्या आकसतात. रक्त नाही तर ऑक्सिजन नाही, पेशी नाहीत आणि औषधही नाही. पोट धुवायला कोमट सलाईन घ्या, बाकीचं अंग झाका, आणि चीर पडेपर्यंत एसी १८ वर ठेवू नका. साखर शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर २०० च्या खाली. रेझर बंद, केस अडथळा करत असतील तर क्लिपरने काढा, कारण रेझरने कातडीवर पडणारे बारीक ओरखडे हीच जंतूंची पेरणी असते. स्पिरिट असलेलं क्लोरहेक्सिडिन किंवा पोविडोन लावलं तर ते वाळेपर्यंत थांबा. मेट्रोची बाटली पोटात किंवा जखमेत ओतून धुणं मात्र सोडा, त्याचा फायदा दिसलेला नाही.

मोठ्या आतड्याच्या नियोजित शस्त्रक्रियेत तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकचा उपयोग आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे कमी होतो. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतो, पण नुसत्या साफ करण्याने जखमा पिकणं कमी होत नाही. सकाळी आठची शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशी दुपारी एक, दोन आणि रात्री अकरा वाजता निओमायसिन १ ग्रॅम आणि एरिथ्रोमायसिन १ ग्रॅम, हा जुना क्रम आजही टिकून आहे. शिरेतला डोस त्याच्याशिवाय वेगळा द्यायचाच.

सिझेरियनबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं, कारण ग्रामीण रुग्णालयापासून मोठ्या नर्सिंग होमपर्यंत पोट उघडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण तेच. बाळाला औषध जाऊ नये म्हणून नाळ बांधेपर्यंत थांबायची पद्धत कित्येक ठिकाणी अजून आहे. चीर पडण्याआधी औषध दिल्याने आईच्या जखमेचा आणि गर्भाशयाचा संसर्ग कमी होतो आणि बाळाला अपाय दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना ३० ते ६० मिनिटं आधी द्यायला सांगते. कळा सुरू होऊन किंवा पाणी गेल्यावर केलेल्या सिझेरियनमध्ये नेहमीच्या डोसला ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम शिरेतून जोडलं, तर संसर्ग १२ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आल्याचं २०१६ सालच्या, २,०१३ स्त्रियांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. तो डोसही एकच. चौथ्या दिवशी घरी जाणाऱ्या बाळंतिणीच्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं देण्याची गरज नाही.

आतापर्यंतचं सगळं प्रतिबंधाबद्दल. फुटलेलं अपेंडिक्स, फुटलेला अल्सर, सडलेलं आतडं, पोटभर पू, इथे तुम्ही आजारावर उपचार करता आहात, आणि त्याचे नियम वेगळे. पण तिथेही चौदा दिवस लागत नाहीत. २०१५ सालच्या स्टॉप-इट चाचणीत ५१८ पेशंट होते. पू काढून, भोक बुजवून मूळ नीट साधल्यावर एका गटाला साधारण चार दिवस औषध दिलं, दुसऱ्याला ताप आणि पांढऱ्या पेशी उतरून दोन दिवस होईपर्यंत, म्हणजे सरासरी आठ दिवस. पुन्हा संसर्ग, जखम पिकणं, मृत्यू, सगळं मिळून चार दिवसांच्या गटात २१.८ टक्के, आठ दिवसांच्या गटात २२.३. चार दिवसांनीही ताप हटत नसेल तर औषध वाढवण्याआधी सोनोग्राफी किंवा सीटी करा. बहुतेक वेळा आत कुठेतरी पू साठलेला असतो आणि तो काढल्याशिवाय औषधाने भागत नाही. न फुटलेलं, फक्त सुजलेलं अपेंडिक्स मात्र प्रतिबंधाच्याच खात्यात. एक डोस, काढलं, थांबलं. यातली नेहमीची चूक वेगळीच: रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत अँटिबायोटिक सुरू होतं, म्हणून सकाळी नऊला थिएटरमध्ये सगळे समजतात की डोस झालेला आहे. रात्रीचा डोस आजारासाठी होता. चिरेआधीच्या तासातला डोस वेगळा द्यावाच लागतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या तापाला घाबरून अँटिबायोटिक बदलण्याची घाई होते, सेफ्ट्रायक्झोनवरून पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम, तिथून मेरोपेनेम. इतक्या लवकर जखम सहसा पिकत नाही. अपवाद स्ट्रेप्टोकॉकस आणि क्लॉस्ट्रिडियमचा. तेव्हा पट्टी उघडून जखम पाहा; वेदना प्रमाणाबाहेर असेल, कडा काळसर पडत असतील, हाताला कुरकुर लागत असेल, तर पेशंट त्याच तासाला परत थिएटरमध्ये जायला हवा. यांतलं काही नसेल तर छाती, लघवी, सलाईनची शीर आणि पायाच्या पोटऱ्या तपासा.

टाके खरोखर पिकले तर इलाज टाके उघडणं हाच. पू वाहू द्या, कल्चरला पाठवा, रोज ड्रेसिंग करा. लाली जखमेच्या कडेपासून पाच सेंटीमीटरच्या आत असेल, ताप ३८.५ अंशांच्या आणि नाडी ११० च्या खाली असेल, तर बहुतेकांना अँटिबायोटिकची गरज पडत नाही. कल्चर मात्र नेहमी पाठवा, कारण पुढच्या पेशंटचा एक डोस कोणता असावा हे त्यातूनच ठरतं.

ग्राहक न्यायालयाची भीती आम्हाला समजते. जखम पिकली आणि 'अँटिबायोटिक बंद केलं होतं' असं वकिलाने विचारलं तर काय, हा प्रश्न रात्री झोपताना डोक्यात येतो. उत्तर कागदात आहे. डोसची वेळ, चिरेची वेळ, दुसरा डोस, शिवल्याची वेळ, या चार नोंदी भुलीच्या कागदावर असतील तर तुमची बाजू मान्य पद्धतीवर उभी असते. 'पाच दिवस दिलं होतं' यामागे कोणतीच मार्गदर्शक सूचना नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनीही अँटिबायोटिक लिहिताना त्याचं नेमकं कारण नोंदवण्याची विनंती डॉक्टरांना केली होती. तिसऱ्या दिवशीच्या सेफ्ट्रायक्झोनसमोर कोणतं कारण लिहाल?

जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि नर्सिंग होमच्या चालकांना आमची मागणी अशी. सेफाझोलिन आणि मेट्रो थिएटरच्या कपाटात, भुलीच्या ट्रॉलीवर असू द्या. वॉर्डातल्या ऑर्डरमधून 'सकाळी सहाला अँटिबायोटिक' ही ओळ काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टमध्ये 'गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का' हा प्रश्न २००८ पासून आहे. ज्या आठ शहरांत ती चेकलिस्ट तपासली गेली त्यांत दिल्लीही होती, आणि जखमेचा संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ वर आला होता. तो प्रश्न मोठ्याने विचारला जाऊ द्या आणि उत्तर 'हो' असं नको, 'नऊ वाजून दहा मिनिटांनी' असं येऊ द्या. वेळ सांगता आली नाही तर चाकू खाली. प्रतिबंधाचं औषध शस्त्रक्रियेनंतर आपोआप बंद होईल, आणि चालू ठेवायचं असेल तर सर्जनने कारण लिहून सही करावी, असा नियम करा. फार्मसीने कारणाशिवाय शस्त्रक्रियेनंतरचा डोस देऊ नये.

आणि जखमांचा हिशेब ठेवा. बहुतेक जखमा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, पेशंट घरी गेल्यावर पिकतात, म्हणून वॉर्डातल्या नोंदीत सगळं छानच दिसतं. संसर्ग ३० दिवसांपर्यंत धरायचा असतो, जाळी बसवली असेल तर ९० दिवस. सुरुवात एकाच शस्त्रक्रियेपासून करा, सिझेरियन किंवा अपेंडिक्स. थिएटरच्या दाराशी एक वही ठेवा: नाव, फोन, वर सांगितलेल्या चारही नोंदी, औषध. दहाव्या आणि तिसाव्या दिवशी सिस्टरने फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात: जखमेतून पाणी किंवा पू आला का, कुठल्या डॉक्टरने टाका उघडला का, नंतर कुठे अँटिबायोटिक घेतलं का. तीन महिन्यांनी ती वही सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी एकत्र बसून वाचावी, आणि पिकलेल्या प्रत्येक जखमेसमोर डोसची वेळ पाहावी.

आपले,
शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गावर काम करणारे काही मायक्रोबायोलॉजिस्ट, फार्मसिस्ट आणि संसर्ग-नियंत्रण परिचारिका